स्वाराखाली घोडा आवरत नाही, नको तेवढा पळतो : कारण कसे शोधावे

पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहानशा तबेल्यात गेली सतरा वर्षे मी घोडे फिरवण्याचे आणि माणसांना घोड्यावर बसायला शिकवण्याचे काम करत आहे. या काळात माझ्यापुढे सर्वांत अधिक वेळा आलेली तक्रार एकच आहे : घोडा एरवी गाईसारखा गरीब असतो, पण पाठीवर माणूस बसला की आवरत नाही. तक्रारीपाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला असतो, तो म्हणजे याहून कडक बिट, म्हणजे लगामाची तोंडातली कडी, कुठे मिळेल. त्या प्रश्नाचे उत्तर मी सहसा देत नाही. जे घोडे माझ्या हातून ताळ्यावर आले त्यांपैकी एकालाही कडक बिटाची गरज लागली नाही, आणि कडक बिट घालून माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक घोड्याचे बिट मला आधी सौम्य करावे लागले. पुढचा क्रम फुकट आणि सोप्या तपासणीपासून खर्चिक आणि अवघड तपासणीपर्यंत जातो. तो मोडून मधूनच सुरुवात करू नये, कारण नवे खोगीर घेऊन, दात घासून घेऊन आणि महिनाभर शिकवणारा माणूस ठेवून शेवटी दोष मालकाच्या टाचेत निघाल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

लक्षणे

‘पळतो’ या एका शब्दाखाली लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला घोडा जोरकस असतो. त्याचे कान पुढे असतात, ढांगा लांब पडतात, तो हातावर वजन टाकून ओढतो; पण वळवले तर वळतो आणि उशिरा का होईना थांबतो. दुसरा घोडा घाई करतो. त्याची पावले आखूड आणि भराभर पडतात, मान वर जाते, पाठ खाली दबते, शेपटी फटकारली जाते, गोलावर तो आतल्या खांद्यावर कोसळल्यासारखा चालतो, आणि दुडकीत, म्हणजे साध्या चालीच्या वरच्या वेगात, सुरू झालेली घाई कोणी न सांगता कॅंटरमध्ये, म्हणजे त्याही वरच्या वेगात जाते. तिसरा घोडा उधळतो. त्या वेळी त्याला स्वाराचे अस्तित्वच जाणवत नाही, समोर भिंत आहे की कुंपण आहे हे तो पाहत नाही, आणि पाठीवरचा माणूस पडल्यानंतरही तो पळतच राहतो. तुमचा घोडा या तिसऱ्या प्रकारात बसत असेल तर पुढचे काहीही स्वतः करून पाहू नका आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिल्या दोन प्रकारांत आठ दिवस एक वही ठेवावी आणि घोडा केव्हा पळतो ते लिहावे. तो फक्त पहिली दहा मिनिटे पळत असेल तर बहुधा अंगात साठलेली ताकद बाहेर पडत असते. काम जसजसे वाढेल तसतसा तो अधिक पळत असेल तर कुठेतरी दुखत असण्याचा संशय घ्यावा. एकाच बाजूच्या वळणावर पळत असेल तर दात, पाठ किंवा पाय पाहावा लागतो. एकाच स्वाराखाली पळत असेल तर घोड्याला सोडून द्यावे आणि स्वाराकडे पाहावे. पुढच्या तपासण्या होईपर्यंत घोडा फक्त बंद रिंगणात आणि डोक्यावर हेल्मेट घालूनच चालवावा.

पहिली तपासणी : स्वार स्वतःच काय सांगतो आहे

ही तपासणी फुकट आहे म्हणून पहिली, आणि निम्म्याहून अधिक प्रकरणे माझ्याकडे इथेच संपतात म्हणूनही पहिली. तबेल्यातला सर्वांत शांत आणि सरावलेला स्वार त्याच घोड्यावर, त्याच खोगिरात, त्याच बिटावर बसवावा आणि मालकाने बाजूला उभे राहून पाहावे. दहा-पंधरा मिनिटांत घोडा निवळला तर पुढचा खर्च घोड्यावर करायचा नसून मालकाच्या शिकवणीवर करायचा, हे ठरले. मालकांना हे कटू लागते, पण सर्वांत स्वस्त निदान हेच आहे.

असे का होते ते समजून घ्यावे. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराला माणूस हातांच्या जोराने थांबवूच शकत नाही. लगामाची सततची ओढ घोड्याला टेकायला आधार देते. तो त्या ओढीवर मान टाकतो, आणि मग दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू होते, ज्यात हात माणसाचे दुखतात. पुण्यात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते, कारण इथला रेसचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर असा पावसाळ्यात असतो आणि तो संपता संपता शर्यतीतून बाद झालेले थरोब्रेड जातीचे घोडे हौशी लोकांच्या हाती येतात. शर्यतीच्या घोड्याची सारी घडण हातावर टेकून पळण्याची असते. जॉकी वाद्या, म्हणजे लगामाचे हातातले पट्टे, आखूड धरतो, रिकिबीवर उभा राहतो, अंग पुढे झुकवतो, आणि या तिन्ही गोष्टी मिळून घोड्याला ‘आता जा’ असे सांगतात. घाबरलेला नवखा माणूस काय करतो? वाद्या आखूड करतो, रिकिबीवर उभा राहतो आणि अंग पुढे झुकवतो. घोडा आज्ञाधारक असतो आणि म्हणूनच पळतो.

हिंजवडीत नोकरी करणारे एक गृहस्थ असाच एक घोडा घेऊन माझ्याकडे आले होते. आपण लगाम ओढतच नाही, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. मी त्यांना गोल रिंगणात लांब दोरावर घेतले, दोराचे दुसरे टोक माझ्या हातात ठेवले, आणि त्यांच्या वाद्या बिटाच्या कड्यांना थेट न अडकवता शिवणकामाच्या साध्या पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या. दुडकी सुरू झाली आणि तिसऱ्याच ढांगेला डावा दोरा तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. पाचव्यांदा बांधताना त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिले. नखे तळहातात रुतली होती. त्यानंतर वीस मिनिटे तो दोरा टिकला, आणि घोडा त्या वीस मिनिटांत एकदाही सुटला नाही. हा प्रयोग दोर धरणारा जाणता माणूस असल्याशिवाय कधीही करू नये, कारण दोरा तुटला की स्वाराच्या हातात काहीच उरत नाही.

हातांनंतर पाय पाहावेत. भ्यालेला माणूस मांड्या आवळतो, गुडघा वर सरकतो, टाच वर येते आणि बरगडीत रुतते. पुढे जाण्यासाठी टाच आणि थांबण्यासाठी लगाम, असे दोन्ही हुकूम एकाच वेळी मिळाल्यावर घोड्याने काय करावे? टाच खाली, पोटरी नुसती टेकलेली, आणि मांड अशी की वजन खोगिराच्या तळाशी बसलेले, एवढे जमले की बराच वेग आपोआप उतरतो. श्वासाचेही तसेच आहे. स्वाराने श्वास रोखला की त्याची पाठ ताठरते आणि तो ताठरपणा खोगिरातून घोड्याला कळतो. मी शिकाऊ स्वारांना मोठ्याने पाढे म्हणायला लावतो, कारण एकोणतीसचा पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही आणि भीतीकडे लक्षही राहत नाही. लोक हसतात, पण घोडा निवळतो.

दुसरी तपासणी : चंदी, वैरण आणि मोकळे फिरणे

आठवड्यातून शनिवार-रविवार असे दोन दिवस तासभर काम करणाऱ्या घोड्याला रोज काम करणाऱ्या घोड्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, चालू असते, असे मी बहुतेक खाजगी घोड्यांच्या बाबतीत पाहतो. ओट्स, हरभरा, बार्ली हे सर्व भरपूर ताकद देणारे दाणे आहेत, आणि ती ताकद खर्चायला जागा नसेल तर ती रविवारी सकाळी तुमच्या खाली खर्च होते. घोड्याला सुक्या वजनाने मोजून त्याच्या शरीराच्या दीड ते दोन टक्के वैरण रोज लागते, म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला साधारण सात ते नऊ किलो. ओल्या गवतात बहुतांश पाणीच असल्यामुळे हिरव्या चाऱ्याचा भारा पाहून फसू नये. वैरण पुरेशी असेल तर हलके काम करणाऱ्या बऱ्याच घोड्यांना दाण्याची गरज फारच थोडी असते. मात्र दाणा एकदम तोडू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करावा, कारण खाण्यातल्या अचानक बदलाने पोटशूळ उठतो, आणि पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

यापेक्षाही मोठे कारण कोंडवाड्याचे आहे. बारा बाय बाराच्या खोलीत तेवीस तास उभा राहिलेला घोडा चोविसाव्या तासाला पळणारच. जुलै-ऑगस्टमध्ये मुळशीच्या बाजूला चार-चार दिवस पाऊस थांबत नाही, रिंगणात चिखल होतो, घोडे आतच राहतात, आणि पाचव्या दिवशी ऊन पडले की मालक हौसेने खोगीर चढवतात. आमच्याकडे माणूस पडण्याचे दिवस बहुधा हेच असतात. अशा दिवशी आधी घोड्याला कुंपणाच्या आत पंधरा-वीस मिनिटे मोकळे सोडावे, मग लांब दोरावर दोन्ही बाजूंनी थोडे फिरवावे आणि नंतरच बसावे. दोरावर तासभर पळवून दमवण्याची पद्धत काही जण वापरतात. ती उलटते, कारण रोज तासभर पळणारा घोडा महिन्याभरात अधिक दमदार होतो आणि मग त्याला दमवायला दोन तास लागतात.

तिसरी तपासणी : जागा, वेळ आणि सोबत

वहीतल्या नोंदी इथे उपयोगी पडतात. परतीच्या वाटेवरच वेग वाढत असेल तर घोडा तबेल्याकडे, म्हणजे वैरणीकडे आणि सोबत्यांकडे पळत असतो. अशा वेळी तबेल्याच्या दारात उतरून लगेच खोगीर काढण्याची सवय मोडावी. दारापर्यंत येऊन पुन्हा दहा मिनिटे रिंगणात काम करावे, किंवा अलीकडेच उतरून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करून घोडा हाताने चालवत आणावा. पुढचा घोडा सुटला म्हणून मागचा सुटतो, हे तर कळपात राहणाऱ्या जनावराच्या स्वभावातच आहे. वारीतल्या रिंगणात माउलींच्या अश्वावर कोणीही बसलेले नसते, तरी स्वाराच्या अश्वामागे तो कसा धावतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून घाई करणाऱ्या घोड्याला रांगेत शेवटी ठेवू नये, आणि मोकळ्या मैदानावर इतर घोड्यांबरोबर कॅंटर करण्याचा मोह काही महिने टाळावा.

आवाजाचे कारण हंगामी असते. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, किंवा दिवाळीत फटाके वाजू लागले, की वर्षभर शांत असलेले घोडेही बिचकतात. त्या दिवसांत घोडा बिघडला असे न समजता कामाची वेळ पहाटेची करावी. घोडीच्या बाबतीत साधारण एकवीस दिवसांनी येणारा माजही वहीत लिहावा. पळण्याच्या तारखा त्याच्याशी जुळल्या तर पशुवैद्याला सांगण्यासारखी ती पहिली गोष्ट आहे.

चौथी तपासणी : खोगीर, तंग आणि बिट

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, आणि दुखले की पुढे पळायचे हा त्याचा जन्मजात उपाय आहे. पाठीवर खोगीर टोचत असेल तर टोचणारी वस्तू पाठीवरच बांधलेली असल्यामुळे ती मागे टाकण्यासाठी तो अधिकाधिक पळतो. स्वार बसलेला असताना खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, खांद्यांमधल्या उंचवट्याच्या वर, दोन-तीन बोटे सहज जावीत. काम झाल्यावर खोगीर उचलून पाठीवरचा घाम पाहावा. सगळीकडे सारखा ओलावा असेल तर ठीक, पण ओल्या पाठीवर मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग असेल तर तिथे दाब इतका पडतो आहे की घामच येऊ शकलेला नाही. शर्यतीतून आलेला घोडा सहा महिन्यांत अंगाने भरतो, त्यामुळे आणताना बरोबर बसलेले खोगीर नंतर चिमटे काढू लागते, हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या तंगाखाली कातडी सोलवटते. पुढच्या पायामागे हात फिरवला तर घोडा कान मागे करून ते सांगतोच.

आता बिट. तोंडातली ही कडी पुढचे दात आणि दाढा यांमधल्या मोकळ्या हिरडीवर बसते, आणि त्या हिरडीवर हाडाच्या वर फारच पातळ कातडी असते. कडी तोंडापेक्षा अरुंद असेल तर ओठ चिमटतात, फार रुंद असेल तर ती सरकत राहते, फार खाली लोंबत असेल तर दातांवर आपटते. ओठांच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात, इतकी ती वर असावी. नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. तोंड उघडू नये म्हणून हा पट्टा आवळण्याची रीत आहे, पण तोंड उघडणे हीच घोड्याची तक्रार असते आणि पट्टा आवळून आपण फक्त तक्रार बंद करतो.

कडक बिटाने सुरुवातीचे दोन-चार दिवस फरक दिसतो, आणि म्हणूनच लोक फसतात. पाचव्या दिवशी घोड्याला कळते की दुखणे तोंडात आहे. तो मान छातीशी घेऊन किंवा आभाळाकडे करून बिटाच्या कामातून सुटतो, आणि मग खरोखरच थांबवायला काही उरत नाही. वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजूनही दिसणारी काटेरी बिटे तर कायद्यानेच बंद आहेत. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राने 1965 साली केलेल्या नियमांत काटे असलेली बिटे आणि सामान वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. बाजारातून घोड्याबरोबर आलेल्या लगामाच्या कडीवरून बोट फिरवून पाहावे, आणि बोटाला काही टोचले तर ती कडी पुन्हा घोड्याच्या तोंडात जाऊ देऊ नये.

पाचवी तपासणी : दात, पाठ, खूर, पोट आणि डोळे

इथून पुढे जाणत्या माणसाची फी लागते. घोड्यांच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. म्हणून वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यावेत. मालकाने फक्त ओठ उचलून बिटाची जागा, ओठांचे कोपरे आणि जिभेच्या कडा पाहाव्यात. दाढांमध्ये बोट घालू नये, कारण बोट परत मिळत नाही.

आमच्याकडे सावरी नावाची एक घोडी होती, जी डाव्या वळणावरच सुटायची. स्वार बदलला, चंदी कमी केली, खोगीर बदलले, तरी फरक पडेना. शेवटी पशुवैद्याने तोंडात जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवून कपाळावरच्या दिव्याने पाहिले आणि माझा हात धरून तर्जनी डाव्या वरच्या पहिल्या दाढेच्या किंचित पुढे टेकवली. हरभऱ्याच्या डाळीएवढा एक टोकदार दात तिथे होता. घोडीने अंग चोरले. लगाम डावीकडे घेतला की कडी नेमकी त्या दातावर आपटत होती, आणि तो दात असा की त्याचा घोड्याला काही उपयोगही नसतो. पशुवैद्याने गुंगी देऊन तो काढला, आम्ही जखम भरेपर्यंत तोंडात काहीही घातले नाही, आणि त्यानंतर ती डावीकडेही उजवीकडच्याइतकीच शांत चालू लागली. त्याआधीचे सात महिने मी तिला हट्टी म्हणत होतो.

पाठीच्या दोन्ही बाजूंनी बोटांच्या पेरांनी एकसारखा दाब देत खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत यावे. एखाद्या जागी पाठ खाली दबत असेल किंवा कातडी थरथरत असेल तर ती जागा खडूने खुणावून ठेवावी. नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात, आणि पावसाळ्यात ओलाव्याने खूर मऊ पडल्यावर नालबंदाला आणखी लवकर बोलवावे. पोटातला व्रण बाहेरून दिसत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असते, आणि दाणा जास्त, वैरण कमी, उपाशी तास लांब अशी व्यवस्था असली की जठराला व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांत हा विकार फार आढळतो. तंग आवळताना चावायला येणे, दाणा अर्धवट टाकणे आणि अंगी न लागणे यांवरून संशय घ्यावा, पण खात्री पशुवैद्याने दुर्बीण घालूनच होते. एकाच बाजूच्या वस्तूंना बिचकणाऱ्या घोड्याचा त्या बाजूचा डोळा तपासून घ्यावा.

या कामासाठी घोडे पाहणाराच पशुवैद्य हवा. रेसकोर्स आणि लष्कर यांमुळे पुण्यात असे लोक मिळतात, हे आपले भाग्यच आहे. दक्षिणेकडच्या लोकांना शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळ पडते.

सहावी तपासणी : घोड्याला थांबणे शिकवले आहे का

वरचे सर्व निर्दोष निघाले तरच शिकवणीकडे वळावे, कारण दुखणाऱ्या घोड्याला शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शर्यतीतल्या घोड्याला आणि सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला हौशी स्वाराला अपेक्षित असलेला हळू वेग कोणी शिकवलेलाच नसतो. नाचरी चाल दाखवून विकलेल्या घोड्याने तर ओढलेल्या लगामाखाली उसळण्याचेच शिक्षण घेतलेले असते.

शिकवण्याचे सूत्र साधे आणि कंटाळवाणे आहे. खोगिरात वजन बसवावे, श्वास सोडावा, वाद्या क्षणभर मुठीत मिटाव्यात आणि घोड्याने किंचितही वेग कमी केला की त्याच क्षणी मूठ उघडावी. घोडा ओढीतून शिकत नाही, ओढ सुटण्यातून शिकतो. सुटका उशिरा झाली तर त्याला काहीच कळत नाही. सुरुवात साध्या चालीपासून करावी : दहा पावले चाल, थांबा, पुन्हा दहा पावले. चाल आणि थांबा शंभरातून नव्वद वेळा वाद्या न ओढता होऊ लागले की मगच दुडकी, आणि दुडकीतही दहा-बारा ढांगांनी परत चाल. वीस मीटर व्यासाचा गोल हा या कामाचा सर्वांत चांगला मित्र आहे, कारण गोलावर तोल सांभाळायला घोड्याला आपोआप हळू व्हावे लागते. वेग वाढला की वाद्या ओढण्याऐवजी गोल लहान करावा, उतरला की मोठा करावा. जमिनीवर साधारण सव्वा मीटर अंतराने चार-पाच बांबू मांडून त्यांवरून दुडकी घेतली तर घाई करणारा घोडा पायांकडे पाहू लागतो. कॅंटरला मी पहिल्या दोन महिन्यांत हातही लावत नाही, आणि मालकांचा रोष बहुधा याच मुद्द्यावर होतो.

घोडा सुटलाच तर

ओरडू नये आणि उडी मारू नये. सरळ बसून टाचा खाली ढकलाव्यात, एक मूठ आयाळीजवळ मानेवर घट्ट रोवावी, दुसऱ्या हाताने वादी वर आणि मागे ओढून लगेच सोडावी, पुन्हा ओढावी. सतत ओढलेल्या वादीवर तो टेकतो, अधूनमधून सुटणाऱ्या वादीवर त्याला टेकता येत नाही. मोकळी जागा असेल तर मोठ्या गोलावर घेऊन गोल हळूहळू लहान करावा; भरधाव घोड्याला एकदम मान वळवून फिरवले तर तो स्वारासकट पडतो. डांबरी रस्त्यावर किंवा ओल्या गवतावर वळवणे आणखी धोक्याचे, तिथे समोर चढ असेल तर चढाकडे न्यावा. बाजूच्या लोकांनी मागे धावू नये आणि दुचाकीवरून पाठलाग तर मुळीच करू नये, कारण पाठलाग झाला की घोडा आणखी पळतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

घोडा एकदाही भिंत किंवा कुंपण न पाहता उधळला असेल, थांबवल्यावर मागच्या पायांवर उभा राहत असेल, वर्षानुवर्षे शांत असलेला घोडा आठवड्याभरात बदलला असेल, लंगडत असेल, किंवा पाठीला हात लावू देत नसेल, तर त्याच्यावर कोणीही बसू नये आणि पहिला फोन पशुवैद्याला करावा. पशुवैद्याने दुखणे नाही असे सांगितल्यानंतरच शिकवणाऱ्याला बोलवावे. हा क्रम उलटा केला तर शिकवणारा दुखण्यालाच हट्ट समजून त्यावर मेहनत घेतो. सावरीच्या बाबतीत मी तेच केले होते. स्वाराला घोड्याजवळ जाताना पोटात गोळा येत असेल, तरीही थांबावे आणि दुसऱ्या शांत घोड्यावर मांड पक्की करून घ्यावी. लहान मुलांच्या बाबतीत तर एकदा घोडा सुटला की तो घोडा त्या मुलासाठी बंद.

बोलवलेल्या माणसापुढे आठ दिवसांची वही, रोजच्या चंदीचे आणि वैरणीचे वजन, नाल आणि दात शेवटचे कधी झाले त्याच्या तारखा, आणि वापरात असलेले खोगीर व बिट ठेवावे. शक्य असेल तर आधीच्या दिवशी बाजूने उभे राहून दोन्ही वळणांवरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवावा, ज्यात स्वाराचे हात आणि टाचा स्पष्ट दिसतील. तपासणीच्या दिवशी घोड्याला आधी दमवून ठेवू नये आणि दुखण्यावरचे कोणतेही औषध देऊ नये. दोन्हींमुळे घोडा त्या तासापुरता शहाण्यासारखा वागतो आणि आलेला माणूस काही न सापडताच परत जातो.